युरोपातली धर्मसुधारणा वाचताना सत्तेचा माग कसा काढायचा

सोळाव्या-सतराव्या शतकातला युरोप वाचायला घेतला की बहुतेकांचं एकच होतं, पहिल्या काही पानांतच ल्यूथर, कॅल्विन, आठवा हेन्री, पाचवा चार्ल्स अशी नावांची रांग लागते, मग युद्धं, मग तह, आणि शेवटी डोक्यात राहतं ते एवढंच की रोमच्या पोपला मानणारे कॅथलिक आणि त्याच्यापासून फुटलेले प्रोटेस्टंट शंभर-सव्वाशे वर्षं एकमेकांशी लढले. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये तर "कारणे" आणि "परिणाम" अशा दोन याद्या असतात आणि परिणामांत एक ओळ हमखास असते, राजसत्ता बळकट झाली. पण कशी झाली? नेमकं काय हातात आलं राजाच्या? ते सहसा कोणी सांगत नाही, आणि मला तर वाटतं सगळा विषय त्यातच आहे. म्हणून हा काळ वाचायचा कसा, कशावर बोट ठेवून पुढे जायचं, ते इथे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक प्रश्न बाजूला ठेवा. "हे खरंच धर्मासाठी होतं की धर्माच्या नावाखाली राजकारण?" ह्या प्रश्नावर लोक तासन्‌तास बोलतात आणि हाती काही लागत नाही, कारण त्या काळच्या माणसाच्या मनात ह्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. थॉमस मोर इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सलर राहिलेला माणूस, पोपची सत्ता नाकारणारी एक शपथ घेतली असती तर सुटला असता, नाही घेतली आणि १५३५ मध्ये त्याचं डोकं उडवलं गेलं. ह्याला कोणी ढोंग म्हणू शकत नाही. दुसरीकडे सॅक्सनीचा फ्रेडरिक द वाइज बघा, रोमच्या चर्चविरुद्ध उभा राहिलेल्या जर्मन साधू ल्यूथरला ज्याने पाठीशी घातलं आणि १५२१ मध्ये वर्म्सला सम्राटापुढे झालेल्या सभेनंतर वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवून ठेवलं तोच हा माणूस, पण त्याच्याकडे संतांच्या अवशेषांचा १९,००० च्या आसपास नगांचा संग्रह होता, म्हणजे ज्या प्रकारच्या भक्तीवर ल्यूथर तुटून पडला तीच भक्ती हा आयुष्यभर करत आला होता. तेव्हा श्रद्धा खरी होती हे धरूनच चाला आणि मग वेगळा प्रश्न विचारा: ह्या बदलात कोणता हक्क कुणाच्या हातून गेला आणि कुणाच्या हातात आला?

हा प्रश्न नुसता असा मोघम विचारला तर उत्तरही मोघमच येतं, म्हणून त्याचे तुकडे करा. जो देश वाचायला घ्याल त्याच्यापुरतं वहीत लिहून काढा की बिशप कोण नेमतो, चर्चचा पैसा कुठे जातो, खटल्याचं शेवटचं अपील कुणाकडे जातं, आणि चर्चच्या जमिनी आणि गढ्या कुणाच्या नावावर आहेत. बदलाच्या आधी उत्तर काय होतं आणि वीस-तीस वर्षांनी काय झालं, दोन्ही लिहा. बास, एवढं केलं तरी अर्धा विषय आपोआप उलगडतो. आणि एकदम सगळा युरोप घेऊ नका, एक देश घ्या, तो नीट झाला की दुसरा.

करून दाखवतो. १५१७ ची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, माफीपत्रांची विक्री चालली होती, ल्यूथर चिडला, त्याने ९५ मुद्दे मांडले. आता पैशाचा प्रश्न विचारून बघा. होहेनत्सोलर्न घराण्यातला आल्ब्रेश्ट हा आधीच माग्डेबुर्गचा आर्चबिशप होता, त्याला १५१४ मध्ये माइन्त्सचंही आर्चबिशपपद मिळालं, आणि माइन्त्स म्हणजे साधं पद नव्हे, पवित्र रोमन सम्राट, म्हणजे जर्मन संस्थानांच्या साम्राज्याचा प्रमुख, निवडणाऱ्या सात जणांतलं ते एक. आल्ब्रेश्टचा भाऊ ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर, म्हणजे सातातली दोन मतं एका घरात. एकाच माणसाकडे अशी दोन पदं ठेवायची तर रोमची खास परवानगी लागायची, तिला पैसे लागायचे, ते आल्ब्रेश्टने आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून कर्जाने उचलले, आणि कर्ज फेडायला माफीपत्रं विकायची, निम्मे पैसे फुगरांना आणि निम्मे रोममध्ये सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला, असं ठरलं. ल्यूथरला तेव्हा ह्या आतल्या व्यवहाराचा पत्ता नव्हता, त्याचा संताप पूर्णपणे धार्मिक होता, पापाची माफी विकत कशी मिळेल हा. पण त्याचा बाण जाऊन लागला तो ह्या पैशाच्या वाटेवर. आणि तो ज्या विटेनबर्ग विद्यापीठात शिकवायचा ते फ्रेडरिकने १५०२ मध्ये स्वतः काढलेलं, फ्रेडरिकला शेजारच्या होहेनत्सोलर्नांची वाढ खुपत होती आणि आपल्या प्रजेचा पैसा त्यांच्या कर्जासाठी बाहेर जावा हेही नको होतं, म्हणून त्याने ती विक्री आपल्या मुलुखात होऊच दिली नव्हती. आता सांगा, ह्यात धर्म किती आणि राजकारण किती असं वजन करता येतं का? नाही येत. पण पैसा कुठून कुठे चालला होता ते मात्र स्पष्ट दिसतं.

मग पुढचं काम, जे फारच कमी लोक करतात, ते म्हणजे जिथे रोमशी फारकत झाली नाही ते देश बघा. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस, त्याने १५१६ मध्येच पोपशी बोलोन्याचा करार करून बिशप आणि मोठ्या मठांचे प्रमुख निवडण्याचा हक्क मिळवला होता, म्हणजे ल्यूथरच्या एक वर्ष आधी. स्पेनमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडी शोधून शिक्षा देणारं धर्मन्यायालय, १४७८ पासून राजाच्या हाताखाली चालत होतं. ह्या राजांना चर्चवर जो ताबा हवा होता तो बराचसा रोमशी न भांडता मिळालेला होता. म्हणून फ्रान्स-स्पेन कॅथलिक राहिले असं एका वाक्यात म्हणू नका, फ्रान्समध्ये पुढे लाखो ह्यूगनॉट (तिथले प्रोटेस्टंट) झाले आणि १५६२ पासून तिथे रक्त सांडलं, पण राजाला स्वतःला फारकतीची निकड का वाटली नाही ह्याचं एक मोठं उत्तर इथे मिळतं.

आता इंग्लंड. इथे थोडं थांबून वाचा कारण कागदपत्रं भरपूर आहेत आणि एकेक पायरी वेगळी दिसते. आठव्या हेन्रीला बायको कॅथरीनपासून सुटका हवी होती, मुलगा हवा होता, अॅन बोलिन हवी होती, ही कथा सिरियलवाल्यांनी इतकी दाखवलीय की बाकी काही दिसेनासं झालंय. पण कॅथरीन ही सम्राट पाचव्या चार्ल्सची मावशी, आणि १५२७ मध्ये चार्ल्सच्याच सैन्याने रोम लुटून पोप सातव्या क्लेमेंटला कोंडून ठेवलं होतं, मग तो पोप चार्ल्सच्या मावशीचं लग्न रद्द कसं करणार? म्हणजे अडचण अपिलाची होती. शेवटचा निकाल देणारा माणूस लंडनमध्ये नव्हता, रोममध्ये होता, आणि तो दुसऱ्या राजाच्या दबावाखाली होता. म्हणून १५३३ चा अपिलांचा कायदा हा माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे. त्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की इंग्लंडचं राज्य हे साम्राज्य आहे, त्याच्या वर बाहेरची कुठलीही सत्ता नाही, आणि म्हणून इथल्या खटल्याचं अपील इथेच संपेल. राजाला चर्चचा सर्वोच्च प्रमुख म्हणणारा कायदा त्यानंतर आला, १५३४ मध्ये, आणि त्याच वर्षी नव्या नेमणुकीवर पाद्री जे पहिल्या वर्षाचं उत्पन्न भरायचे ते आणि दरवर्षीचा दहावा हिस्सा राजाच्या तिजोरीकडे वळवला गेला. अपील, पद, पैसा, तिन्ही दोन वर्षांत हलले. कायद्यांच्या तारखा अशा ओळीने लावल्या की डोळ्यांपुढे सगळं उभं राहतं.

राहिली जमीन. १५३५ मध्ये राजाच्या माणसांनी सगळ्या चर्चच्या उत्पन्नाची मोजदाद केली, कुठल्या मठाला वर्षाला किती मिळतं ते सगळं वहीत उतरवलं. पुढच्याच वर्षी कायदा, ज्या मठाचं उत्पन्न वर्षाला २०० पौंडांच्या आत आहे ते बंद. मग मोठ्यांची पाळी. १५४० च्या मार्चमध्ये वॉल्थमचा मठ बंद झाला आणि इंग्लंडमधली मठसंस्था संपली, जवळपास ८०० संस्था चार वर्षांत. हे प्रत्यक्षात कसं व्हायचं ते बघायचं तर यॉर्कशरमधला फाउंटन्सचा मठ घ्या, चारशे वर्षं जुना, मेंढ्यांच्या लोकरीवर श्रीमंत झालेला. नोव्हेंबर १५३९ मध्ये तो राजाच्या ताब्यात दिला गेला, साधूंना पेन्शन ठरली, आणि पुढच्या वर्षी लंडनचा व्यापारी रिचर्ड ग्रेशम ह्याने ती मालमत्ता विकत घेतली. अशा ठिकाणी राजाची माणसं यायची, भांडी, वस्त्रं, चांदी ह्यांची यादी करायची, घंटा उतरवायची, छपरावरचं शिसं काढून तिथेच वितळवून त्याच्या विटा पाडायची. शिसं गेलं की छप्पर गेलं, छप्पर गेलं की पाऊस आत, म्हणजे साधू परत यायची वाटच बंद. आजही तिथे भिंती उभ्या आहेत आणि वर आकाश दिसतं. ज्यांनी विरोध केला त्यांचं काय झालं तेही लिहून ठेवा, ग्लॅस्टनबरीचा म्हातारा मठाधिपती रिचर्ड व्हायटिंग, त्याला त्याच नोव्हेंबरमध्ये गावाबाहेरच्या टेकडीवर नेऊन फाशी दिलं. त्याआधी १५३६ मध्ये उत्तरेत हजारो लोक रॉबर्ट अॅस्क नावाच्या वकिलाच्या मागे उठले होते, ख्रिस्ताच्या पाच जखमा काढलेलं निशाण घेऊन, राजाने आधी आश्वासनं दिली, लोक पांगले, आणि १५३७ मध्ये अॅस्कला यॉर्कमध्ये लटकवलं. हे लोक मूर्ख नव्हते, मठ त्यांच्या भागात दवाखाना होता, धर्मशाळा होती, अडल्यानडल्याला धान्य देणारं घर होतं.

जमिनीचा हिशोब ठेवायला ऑगमेंटेशन कोर्ट नावाचं वेगळं खातंच काढलं गेलं. पण हेन्रीने ती जमीन सांभाळली नाही, १५४० च्या दशकात फ्रान्स आणि स्कॉटलंडशी लढाया काढल्या आणि त्यांच्या खर्चासाठी जमीन विकत सुटला. घेणारे कोण? दरबारी, वकील, व्यापारी, गावोगावचे मध्यम जमीनदार. आणि आता खरी परीक्षा बघा. १५५३ मध्ये कॅथरीनची मुलगी मेरी राणी झाली, कट्टर कॅथलिक, तिने पोपची सत्ता परत आणली, लॅटिन प्रार्थना परत आणली, पुढे तीनशेच्या आसपास प्रोटेस्टंटांना जाळलं. पण १५५४ च्या शेवटी कार्डिनल पोल रोमतर्फे इंग्लंडला माफ करायला आला तेव्हा पार्लमेंटमधल्या लोकांनी आधी एक गोष्ट पक्की करून घेतली, मठांच्या घेतलेल्या जमिनी परत मागायच्या नाहीत. पोपनेही ते मान्य केलं. राणी प्रार्थना बदलू शकली, कायदे बदलू शकली, पण सातबाऱ्यावर एकदा चढलेली नावं तिला उतरवता आली नाहीत. ज्या सरदाराच्या घरात पुन्हा कॅथलिक पूजा सुरू झाली तोही मठाची जमीन सोडायला तयार नव्हता. म्हणून मी सांगतो, कुठल्याही धर्मबदलात काय टिकलं आणि काय उलटलं हे वेगवेगळं लिहा. इंग्लंडमध्ये पंथ पंचवीस वर्षांत तीन-चार वेळा इकडून तिकडे गेला, जमीन एकदाच गेली.

आणखी एक गोष्ट सहज निसटते, ती म्हणजे मतं. मठाधिपती हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसायचे, बिशप आणि ते मिळून तिथे धर्मगुरूंचंच पारडं जड असायचं, मठ गेले तसे मठाधिपती गेले आणि तेव्हापासून ते सभागृह बिगर-धर्मगुरू सरदारांचं झालं. कोणी ह्यासाठी वेगळा कायदा केला नव्हता. म्हणून वहीतल्या त्या चार प्रश्नांत पाचवा टाका: ह्या बदलाने कुठल्या सभेतलं बहुमत फिरलं?

जर्मनीत तर हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका. सम्राट निवडणारे सात, त्यातले तीन आर्चबिशप (माइन्त्स, ट्रियर, कोलोन) आणि चार बिगर-धर्मगुरू (बोहेमियाचा राजा, पॅलेटिनेट, सॅक्सनी, ब्रांडेनबुर्ग). १५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहाने प्रत्येक संस्थानिकाला आपल्या मुलुखाचा पंथ ठरवायचा हक्क मिळाला, कॅथलिक किंवा ल्यूथरन, तिसरा नाही, म्हणजे प्रोटेस्टंटांतलाच दुसरा मोठा पंथ, कॅल्विनचे लोक, बाहेरच राहिले. पण त्यात एक कलम असं घातलं गेलं की एखाद्या बिशप-संस्थानिकाने पंथ बदलला तर त्याने पद आणि मुलूख सोडायचा. कशासाठी हे कलम? १५८२ मध्ये त्याचं उत्तर मिळालं. कोलोनचा आर्चबिशप गेबहार्ड ट्रुखसेस ह्याने पंथ बदलल्याचं जाहीर केलं, पुढच्या वर्षी आग्नेस फॉन मान्सफेल्डशी लग्नही केलं, आणि पद सोडायला नकार दिला. मोजा आता: पॅलेटिनेट, सॅक्सनी, ब्रांडेनबुर्ग हे तीन आधीच प्रोटेस्टंट, चौथा कोलोन झाला तर सातात चार. सम्राट प्रोटेस्टंट निवडला जाऊ शकला असता. एका धर्मगुरूच्या लग्नावरून पाच-सहा वर्षं युद्ध चाललं, स्पेनचं आणि बव्हेरियाचं सैन्य उतरलं, आणि शेवटी बव्हेरियाच्या ड्यूकचा भाऊ त्या गादीवर बसला. १६१९ मध्ये बोहेमियाच्या लोकांनी सम्राटाच्या हाब्सबुर्ग घराण्यातल्या राजाला काढून पॅलेटिनेटच्या पाचव्या फ्रेडरिकला राजा केलं तेव्हाही तेच गणित समोर होतं, एका माणसाकडे दोन मतं आणि सातात चार प्रोटेस्टंट. प्रागच्या खिडकीतून अधिकाऱ्यांना फेकून दिल्याची १६१८ ची गोष्ट सगळे रंगवून सांगतात, हे मतांचं गणित फारसं कोणी सांगत नाही, पण सम्राटाच्या घराण्याची झोप कशाने उडाली ते ह्यातूनच कळतं.

उत्तरेकडचे देश भराभर होतात, पण सोडू नका. स्वीडनचा गुस्ताव वासा १५२३ मध्ये राजा झाला तोच ल्यूबेक शहराचं कर्ज डोक्यावर घेऊन, १५२७ मध्ये वेस्टेरोसच्या सभेत बिशपांच्या गढ्या आणि चर्चचं जादा उत्पन्न राजाकडे आलं, सरदारांना त्यांच्या पूर्वजांनी दान केलेल्या जमिनी परत घ्यायची मुभा मिळाली, म्हणजे सरदारही खूश. पण १५३१ मध्ये प्रत्येक चर्चची एक घंटा कर्जफेडीसाठी मागितली तेव्हा डालार्ना प्रांतातले शेतकरी उठले. घंटेसाठी गाव पेटलं, हे मला फार बोलकं वाटतं, कारण घंटा त्यांनी स्वतःच्या वर्गणीतून घेतलेली असायची. डेन्मार्कमध्ये तिसऱ्या ख्रिस्तियनने १५३६ च्या ऑगस्टमध्ये बिशपांना सरळ अटक केली आणि त्यांची मालमत्ता जप्त केली. प्रशियात तर ट्यूटॉनिक ऑर्डर ह्या लढाऊ साधूंच्या संघटनेचा प्रमुख, होहेनत्सोलर्न घराण्यातलाच दुसरा आल्ब्रेश्ट, १५२५ मध्ये ल्यूथरन झाला, क्राकोवला जाऊन पोलंडच्या राजापुढे गुडघे टेकले, आणि संघटनेचा मुलूख स्वतःच्या घराण्याची वारशाने चालणारी जहागीर करून घेतला. पुढचं प्रशिया म्हणजे ज्याने सगळ्या युरोपला धाक घातला, त्याचं मूळ इथे आहे.

आता हक्क वेगळे काढायची सवय लावायची, त्यासाठी फ्रान्स उत्तम. १५९८ चा नान्तचा हुकूमनामा म्हणजे "धार्मिक सहिष्णुता" असं एका शब्दात आपण पाठ करतो. पण त्यात दोन वेगळे हक्क होते. एक, ह्यूगनॉट लोकांना ठरावीक जागी प्रार्थना करता येईल. दोन, त्यांना तटबंदीची गावं ठेवता येतील, तिथे त्यांची शिबंदी राहील आणि तिच्या खर्चाचा मोठा भाग राजाच देईल. दुसरा हक्क म्हणजे राज्यात राज्य. फ्रान्सच्या राजाचा मुख्य मंत्री रिशल्यू स्वतः कार्डिनल, त्याने १६२८ मध्ये ला रोशेल हे त्यांचं बंदर वर्षभराच्या वेढ्यानंतर, लोक उपासमारीने मेल्यावर, घेतलं, आणि १६२९ च्या तहात किल्ले काढून घेतले पण प्रार्थनेचा हक्क ठेवला. त्याला कॅथलिक करण्यापेक्षा निःशस्त्र करणं महत्त्वाचं होतं. हाच कार्डिनल १६३१ पासून स्वीडनच्या प्रोटेस्टंट राजाला हाब्सबुर्गांविरुद्ध लढायला पैसे देत होता. मग १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रार्थनेचाही हक्क काढला, आणि दीड-दोन लाख माणसं देश सोडून गेली, विणकर, घड्याळजी, सैन्यातले अधिकारी, त्यातले बरेच ब्रांडेनबुर्गने त्याच वर्षी खास फर्मान काढून बोलावून घेतले. दोन हक्क एकच समजलात तर १६२९ आणि १६८५ मधला फरक कधीच कळणार नाही.

धर्मबदलाने राजा नेहमी बळकटच झाला असं मात्र समजू नका, ही ओळ नोट्समधून खोडून टाका. स्कॉटलंडमध्ये चर्च बिशपांऐवजी पाद्री आणि वडीलधाऱ्यांच्या सभांनी चालवायचं असा आग्रह होता, आणि स्कॉटलंडच्या गादीवरून इंग्लंडचाही राजा झालेल्या पहिल्या जेम्सला त्यातला धोका बरोबर कळला होता, १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्टच्या बैठकीत तो म्हणाला होता की बिशप नाही तर राजाही नाही. त्याच्या मुलाला, पहिल्या चार्ल्सला, हे वाजवीपेक्षा जास्त पटलं. १६३७ मध्ये त्याने स्कॉटलंडवर नवं प्रार्थनापुस्तक लादलं, एडिनबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये पहिल्याच वाचनाला दंगल झाली, १६३८ मध्ये लोकांनी आपलं चर्च राखायच्या करारावर सह्या केल्या, १६३९-४० मध्ये लढाई. लढाईला पैसा हवा, पैसा पार्लमेंटशिवाय मिळेना, आणि १६२९ पासून पार्लमेंट भरवलंच नव्हतं. ते १६४० मध्ये भरवावं लागलं, आणि तिथून नऊ वर्षांत राजाचं डोकं गेलं. प्रार्थनापुस्तकापासून वधस्तंभापर्यंतची ही साखळी कागदावर एका ओळीत लिहून बघा, प्रत्येक कडीला कारण काय ते शेजारी लिहा. नेदरलँड्सवरही हाच सराव करा, स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने १५५९ मध्ये तिथे नवे बिशप नेमायची योजना आणली तिथून सुरू करून १५८१ मध्ये त्याला राजा मानणं सोडलं तिथपर्यंत.

तारखांबद्दल एक सावधगिरी. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये कॅलेंडर दुरुस्त केलं, कॅथलिक देशांनी ते घेतलं, प्रोटेस्टंटांनी पोपचं म्हणून नाकारलं, इंग्लंडने तर १७५२ पर्यंत. मधल्या काळात दहा दिवसांचा, १७०० नंतर अकरा दिवसांचा फरक पडतो. शिवाय इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे चार्ल्सच्या शिरच्छेदाच्या हुकमावर जानेवारी १६४८ असं दिसतं आणि आपण १६४९ म्हणतो. दोन पुस्तकांत वेगळी तारीख दिसली तर कोणीतरी चुकलंय असं लगेच धरू नका.

वरच्या सगळ्यात राजे आणि सरदारच आले, म्हणून एक फेरी गावपातळीवर माराच. १५३८ मध्ये हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला की प्रत्येक गावच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन ह्यांची वही ठेवायची, दर आठवड्याला नोंद करायची. लोकांना भीती वाटली की आता जन्मावर आणि लग्नावर कर बसणार. ट्रेंटच्या परिषदेनेही (कॅथलिक चर्चची मोठी धर्मसभा) १५६३ मध्ये कॅथलिक पाद्रींना लग्नाच्या अशाच नोंदी ठेवायला लावलं. जिनिव्हात १५४१ पासून पाद्री आणि वडीलधाऱ्यांची मंडळी दर गुरुवारी बसायची आणि कोण प्रवचनाला येत नाही, कोण बायकोला मारतं, कोण अजून लॅटिन जप करतं ह्याची चौकशी करायची. एकमेकांचे हाडवैरी असलेले पंथ इथे एकच गोष्ट करत होते, साध्या माणसाचं नाव, लग्न आणि वागणं लिहून ठेवत होते, आणि हे लिहिलेलं पुढे राज्यकारभाराच्या कामी आलं. माझ्या मते हा बदल लढायांइतकाच मोठा आहे, फक्त त्याला तारीख नसते म्हणून परीक्षेत येत नाही.

नकाशाबद्दलही सांगतो. कॅथलिक एका रंगात, प्रोटेस्टंट दुसऱ्या रंगात असे नकाशे सगळीकडे मिळतात, ते बघा पण त्यावर विसंबू नका. १६१८ पासूनचं युद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाने ठरवलं की जर्मनीत चर्चची मालमत्ता आणि पूजा १ जानेवारी १६२४ ला जशी होती तशी धरायची, आणि साम्राज्याच्या सभेत धर्माचा विषय आला तर दोन्ही पंथ वेगळे बसून चर्चा करतील, बहुमताने निकाल नाही. आउग्सबुर्ग शहरात सरकारी पदं दोन पंथांत समसमान वाटली गेली. ओस्नाब्रुकमध्ये तर एक बिशप कॅथलिक, त्याच्यानंतरचा ल्यूथरन, मग परत कॅथलिक, असं आलटून पालटून चालू झालं. ह्याला कुठला रंग देणार? पोप दहाव्या इनोसंटने ह्या तहाचा निषेध केला, कोणी ऐकलं नाही, आणि "शेवटचं अपील कुणाकडे" ह्या प्रश्नाचं युरोपातलं उत्तर किती बदललं होतं ते त्यावरून समजतं.

हे सगळं हाताला लागलं की घराजवळचा सराव करा, कारण हा धागा खरोखर आपल्याकडे येतो. पोर्तुगालच्या राजाला पोपकडून पाद्रोआदो म्हणजे पूर्वेकडचे बिशप सुचवायचा आणि चर्च चालवायचा हक्क मिळाला होता, गोवा त्याचं केंद्र. युरोपात इतकं गमावल्यावर रोमने १६२२ मध्ये प्रोपगांडा फिदे हे स्वतःचं खातं काढलं आणि मिशनचा ताबा राजांकडून परत आपल्याकडे घ्यायला सुरुवात केली. गोव्यातल्या दिवाडी बेटावरचा ब्राह्मण घरातला मातेउश द कास्त्रो, त्याला गोव्याच्या चर्चमध्ये वर जाऊ दिलं जात नव्हतं, तो रोमला गेला, प्रोपगांडातर्फे १६३७ मध्ये बिशप झाला, आणि आदिलशाही मुलुखासाठी नेमला गेला, गोव्याच्या आर्चबिशपने त्याला मानायला नकार दिला. मुंबई १६६१ च्या, पोर्तुगीज राजकन्येशी ठरलेल्या लग्नाच्या करारात इंग्लंडच्या प्रोटेस्टंट राजाकडे आली, १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे, पण तिथल्या कॅथलिकांचे पाद्री अजून पोर्तुगीज राजाच्या हक्काखाली होते, आणि १७२० मध्ये कंपनीच्या सरकारने त्यांना काढून रोमने पाठवलेल्या कार्मेलाइट ह्या कॅथलिक संघाच्या पाद्रींना आणलं. प्रोटेस्टंट कंपनी पोपच्या माणसाला बोलावते आणि कॅथलिक राजाच्या माणसाला हाकलते. बिशप कोण नेमतो, पैसा कुठे जातो, अपील कुणाकडे, जमीन कुणाच्या नावावर, बहुमत कुठे फिरलं, हे पाच प्रश्न घेऊन ह्या १७२० च्या प्रकरणाची उत्तरं स्वतः लिहून बघा, पहिल्या प्रश्नापासूनच सुरू करा कारण इथे सगळं भांडण त्याच्यावरूनच झालं.